खालच्या जबड्याची आणखी एक नस

आईची खालची दाढ काढायला आम्ही तिला हिंगणीहून वर्ध्याला नेलं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ओठ बधिर झाला, तरी चिमटा लागताच ती किंचाळली. ओठ बधिर म्हणजे दाढही बधिर, अशी डॉक्टरांची पक्की समजूत. "तुम्ही फार भिता, बाई," म्हणत त्यांनी परत पाठवलं.

घरी काकूला विषयच मिळाला. "काय वो जाऊबाई, पाच लेकरं झाली तवा हूं नाई केलं, अन् एका दाढेपायी दवाखाना डोक्यावर घेतला?"

आई एका बाजूने चावू लागली. मला एवढंच म्हणाली, "बाबू, मी ढोंग नाई केलं."

मी नागपूरला डॉक्टरकी शिकत होतो. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. पुस्तकात छापलेलं मला अंतिम वाटे. पुस्तकात खालच्या दातांना एकच नस होती. मीही आईवर विश्वास ठेवला नाही.

पुढे शवविच्छेदनात जबड्याची आतली बाजू साफ करताना चिमट्याला पांढरा दोरा लागला. हनुवटीखालच्या स्नायूकडे जाणाऱ्या नसेची बारीक फांदी वळून सरळ हाडाच्या छिद्रात शिरत होती.

"मांसावरचं जाळं आहे, काढून टाक," जोडीदार म्हणाला.

मी त्याचा हात धरला. दोरा हलकेच ओढला. तो हाडातून सुटेना. मी सरांना हाक मारली.

सरांनी भिंगातून पाहिलं. "असते काहींना. पुस्तकात एकाच माणसाचं चित्र असतं. ही दातापर्यंत गेली असेल तर नेहमीचं इंजेक्शन तिला गाठत नाही."

"आणि ओठ, सर?"

"ओठ बधिर होईल. दाढ जागी राहील."

त्या शनिवारी मी घर गाठलं आणि आईला पुन्हा वर्ध्याला नेलं. डॉक्टरांपुढे कागदावर नस काढून दाखवली. ते रागावतील असं वाटलं. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला, मग जिभेखाली, जबड्याच्या आतल्या बाजूला दुसरं इंजेक्शन दिलं.

आईने डोळे गच्च मिटले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काढा ना आता."

दाढ तर ताटलीत पडली होती.

डॉक्टर हात धूत म्हणाले, "मागल्या वेळी तुम्हाला खरंच दुखलं असणार, बाई."

आईने तोंडातला कापूस काढला. "बाबू, डॉक्टरसाहेब काय बोलले ते ध्यानात ठेव. घरी तुह्या काकूपुढे असंच सांगजो."