एक जून, दोन ओळी

काष्टीच्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यासाठी नावांचा डेटाबेस तयार झाला आणि त्याची देखभाल माझ्याकडे आली. त्यातलं मूळ टेबल, म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने बांधलं होतं. आईच्या तुकडीची यादी छापून मी तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावला, एका ओळीवर बोट थांबवलं, मग पुन्हा वरून वाचायला घेतलं.

"ही मी. अन् ती कुठाय?"

"कोण ती?"

"मळ्यातली."

आईच्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली होत्या. भावकी एक, म्हणून आडनावही एक. एक गावात वेशीजवळ राहायची, दुसरी मळ्यात. मास्तर हजेरीला तेच नाव दोनदा पुकारत. बाकी सगळे त्यांना वेशीतली आणि मळ्यातली म्हणत. वेशीतली म्हणजे माझी आई. दोघी एका बाकावर बसत. लग्नं झाल्यापासून त्यांची भेट नव्हती, आणि मेळाव्याला आईला तेवढ्यासाठीच जायचं होतं.

"या नावाची एकच नोंद आहे," मी म्हणाले.

आईने कागद लांब धरला. "मग ही मी हाय का ती?"

प्रश्न रास्त होता. पुढच्या रकान्यात माझा मोबाईल नंबर होता, त्यावरून ती आई ठरली.

टेबलाचा नियम असा होता: शाळेतलं नाव, आडनाव, मूळ गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस तोच, दुसरी ओळ घ्यायची नाही. वडिलांच्या नावाचा रकाना नव्हता, कारण लग्नानंतर बायकांचं मधलं नाव बदलतं. पुण्यात बसून हा नियम बरोबरच वाटतो. पण त्या पिढीच्या जन्मतारखा घरात कुणी लिहून ठेवलेल्या नसत. मूल शाळेत आलं की मास्तर साल अंदाजाने घालत आणि तारीख एक जून. अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला आहे, या दोघीही.

कुणीतरी अंदाजाने लिहिलेल्या किंवा पुढे बदलणाऱ्या माहितीवर प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, बांधू नये. मी शाळेच्या दाखल रजिस्टरचा क्रमांक ही की म्हणून घेतला; तो प्रत्येकाचा वेगळा असतो. नावांसाठी स्वतंत्र टेबल केलं, कारण एका बाईला माहेरचं नाव असतं, सासरी ठेवलेलं असतं आणि हाकेचंही असतं. एका रकान्यात तिन्ही कोंबली की शेवटचं तेवढं उरतं. मग इम्पोर्टच्या वेळी, म्हणजे जुन्या याद्या टेबलात भरताना, नाकारलेल्या ओळींची फाईल उघडली. मळ्यातली तिथे होती. पत्ता कोपरगाव तालुक्यातला होता, पुढे फोन नंबर.

फोन सुनेने उचलला. मी शाळेतलं नाव सांगितलं.

"न्हाई ओ ताई, या नावाचं इथं कोनीच न्हाई."

आईने माझ्या हातातला फोन घेतला. "तुझ्या सासूला सांग, वेशीतली बोलतीय."

बराच वेळ पलीकडे भांड्यांचा आवाज येत राहिला.

"कुटं मेलतीस गं इतकी वर्सं?"

"मी हितंच हाय. शाळेच्या पोरांनी तुलाच काढून टाकलं हुतं. म्हनं तू माझीच नक्कल."

"नक्कल? गणितं कोन बघून लिहायचं, सांगू का तुझ्या लेकीला?"

आई हसली. मेळाव्याला ये, असं तिने तीनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. पलीकडून उत्तर आलं की गुडघे एकटीला येऊ देत नाहीत आणि ऊस तोडणीला आलाय, मुलाला हलता येत नाही. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की बघू.

मेळाव्यात हजेरी माझ्या यादीवरून झाली. आलेल्यांची नोंद वेगळ्या टेबलात होती. दोन्ही टेबलं जोडायला साधा जॉइन लावला असता तर न आलेल्यांची नावं गळाली असती, म्हणून मी लेफ्ट जॉइन लावला होता. त्यात डावीकडचं नाव राहतं, उजवीकडे काही नसलं तरी.

नाव पुकारलं तेव्हा आई "हजर" म्हणाली. लगेच तेच नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. शेजारच्या खुर्चीवर तिने पिशवी ठेवली होती, ती उचलून मांडीवर घेतली आणि शाळेच्या फाटकाकडे पाहत राहिली.