नळीतलं लाल पाणी

"मला नका इचारू, पाणी बघा." एक बोट वर करून मिस्त्री एवढंच म्हणायचे. समोरच्याचा प्रश्न त्यांना ऐकू यायचा नाही. पण ट्रॅक्टर घेऊन आलेला माणूस दुसरं काय विचारणार?

तेर गावात माझी पिठाची गिरणी आणि त्यांचं गॅरेज अगदी भिंतीला भिंत. तरुणपणी बोअरच्या गाडीवर कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले. बाकीचे मिस्त्री इंजिन ऐकून रोग सांगतात. "बहिऱ्याकडं कशाला न्यायचा ट्रॅक्टर?" असं कुणी माझ्यासमोर बोललं, की मी त्याचं दळण मुद्दाम मागं ठेवायचे.

ऐकायचं काम मिस्त्रींनी नळीवर सोपवलं होतं. कंपनीवाले तिला मॅनोमीटर म्हणतात. घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली पारदर्शक नळी, आत लाल शाईचं पाणी. एक तोंड उघडं, दुसरं इंजिन जिथून हवा ओढतं त्या पाइपाला जोडायचं. इंजिन रेस केलं की पाणी तिकडं ओढलं जातं. नळीवरच्या खुणेच्या वर गेलं, तर हवेच्या वाटेत काहीतरी अडकलंय. एकदा सोयाबीनच्या मळणीत काळा धूर ओकणारा ट्रॅक्टर आला. फिल्टर काढून पाहिला तरी पाणी चढलेलंच. मग फिल्टरच्या आधीच्या पाइपात तार घातली, तर कुंभारमाशीचं मातीचं घर बाहेर पडलं. मालक पोट धरून हसला, त्याचं बघून मिस्त्रीही हसले.

घर गॅरेजच्या मागंच. त्यांची बायको, आमची वहिनी, जेवायला हाका मारून दमायची. गिरणीच्या आवाजातही मला ऐकू यायचं, यांना नाही. शेवटी मिस्त्रींनी फवारणीच्या पंपाचा पाइप चुलीपासून गॅरेजपर्यंत ओढला आणि भिंतीवर दुसरी नळी टांगली. वहिनीनं स्वयंपाकघरातून फुंकलं, की इकडं लाल पाणी टुणकन वर! पाना टाकून मिस्त्री जेवायला. वहिनी चिडलेली असली, की पाणी नळीबाहेर उडून भिंतीवर शिंतोडे. बायकोचा राग असा भिंतीवर उमटलेला तुम्ही कधी पाहिलाय का? "आज काय आपली खैर न्हाय," असं म्हणून ते मला डोळा घालायचे.

"तिचा आवाज इसरलो म्या," एकदा म्हणाले. "पर फुंकर वळखतो."

वहिनीचं दुखणं पहिल्यांदा त्यांनाच कळलं. ती सगळ्यांना "काय न्हाय, उनाचा थकवा हाय," सांगत फिरत होती. एरवी ओरडून बोलणारे मिस्त्री एका दुपारी गिरणीत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाणी अर्ध्यावरच येतंय हो. पाइप बघितला, कुठं गळत न्हाय. तिच्यातच दम न्हाय."

सोलापूरला नेलं. फुप्फुसं आखडत चालली होती. मिस्त्री म्हणाले, बटण बसवतो, इकडं दिवा लागंल. वहिनी ऐकेना. फुंकणार म्हणजे फुंकणारच. शेवटी शेवटी पाणी नुसतं थरथरायचं. ती थरथर नजरेतून सुटू नये म्हणून मिस्त्री दिवसभर नळीकडं तोंड करून काम करायचे. मला तर त्या भिंतीकडं बघवायचं नाही.

वहिनी गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, मुरुमला दिलेली लेक तेवढी मागं राहिली. वहिनी गेल्यापासून मिस्त्री त्या दिवशी पहिल्यांदाच गॅरेजात गेले होते. मी भाकरी घेऊन त्यांच्या घरी गेले. लेकीनं ताट वाढलं आणि लहानपणच्या सवयीनं पाइप तोंडाला लावून फुंकलं. तरण्या छातीची फुंकर ती.

मिस्त्री धावत आले. हातात पाना तसाच. इतकं हसरं तोंड मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "पाणी वरपर्यंत आलं!" म्हणाले. मग त्यांना लेकीच्या हातातला पाइप दिसला.

पोरगी हुंदके द्यायला लागली. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "वाढ बाय, वाढ." मला काही तिथं थांबवेना, मी निघून आले.

आता ते लेकीकडंच असतात. गॅरेजला कुलूप आहे. निघताना सगळी हत्यारं टेम्पोत भरली, इंजिनाची नळीसुद्धा. भिंतीवरची तेवढी राहिली होती, म्हणून मी बोटानं दाखवली. मिस्त्रींनी भिंतीवरच्या लाल शिंतोड्यांवरून हात फिरवला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "तिकडं न्हेली, तर लेक फुंकंल. आन म्या परत तसाच पळत जाईन."