मेढीला मारलेले ठोसे

आमच्या कॉलेजातल्या कराटे मंडळाचा म्होरक्या मला एक दिवसही आवडला नाही. वडिलांच्या कापडधंद्यापायी तो जपानात वाढला, तिथल्या शाळेत कराटे शिकला आणि युद्ध पेटायच्या आधी मुंबईला परतला. मी कर्जतजवळच्या खेड्यातला, भातशेती करणाऱ्याचा मुलगा. "नांगर धरल्यासारखा उभा राहतोस," असं तो सगळ्यांदेखत म्हणायचा आणि दर वेळी मला मागच्या रांगेत ढकलायचा. मला पुढच्या रांगेत उभं राहायचं होतं, बस्स. त्यासाठी मी वाटेल ते केलं असतं, आणि केलंही.

जपान्यांशी लढाई जुंपल्यावर प्राचार्यांनी या जपानी प्रकाराला जिमखान्याचं दार बंद केलं. मी लगेच आमचं खळं देऊ केलं. नाताळच्या सुट्टीत आठ जण आले. सारवलेली जमीन पाहून स्वारी खूश झाली. पण मुठी घट्ट करायला पेंढ्याची दोरी गुंडाळलेला खांब हवा, म्हणाला. खळ्यात खांब एकच, मधोमध रोवलेली मेढ. मळणीचे बैल तिच्याभोवती फिरतात आणि रास उचलण्याआधी तिच्यापुढे नारळ फोडतात. सहा वर्षांचा असल्यापासून ते बैल मी हाकत आलो होतो. तरी दोरी मीच आणली, मीच गुंडाळली आणि पहिला ठोसाही मीच मारला.

"आता कुठे जमतंय तुला," तो म्हणाला. मी लाचार, आणखी जोरात मारू लागलो. बोटांची सालटी निघाली, दोरीला रक्त लागलं.

तेवढ्यात वडील नारळ घेऊन आले आणि जागीच थांबले. "आमी हिच्या पाया पडतो," ते म्हणाले, "आन् तुमी हिला मारताय?"

आता हा हसेल, काहीतरी उद्धट बोलेल आणि मला त्याच्या अंगावर धावून जाता येईल, याची मी वाट पाहत होतो. नालायकाने तेवढंही सुख दिलं नाही. त्याने सगळ्यांना रांगेत बसवलं, मेढीपुढे जमिनीला कपाळ टेकवलं आणि वडिलांची माफी मागितली. मग माझ्याकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

हो म्हटलं असतं तर मंडळातून नाव गेलंच होतं. "नाही," मी म्हणालो.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाले, "त्याला नाय माहीत. त्यो मुंबईला असतो."

दोरी त्यांनीच सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुढच्या रांगेत जागा मिळाली.

पुढच्या वर्षी मळणीला मी घरी गेलो आणि नेहमीप्रमाणे बैल हाकायला खळ्यात उतरलो. वडिलांनी कासरा माझ्या हातातून काढून घेतला.

"असू दे रं," ते म्हणाले. "तुला नाय माहीत."