पांढरी गाठ

जिवाणू खताच्या कारखान्यात ताईंकडे एकच काम होतं, जिवाणू सांभाळायचं. हे जिवाणू शेंगा धरणाऱ्या रोपांच्या मुळांवर गाठी करून आत राहतात. रोप त्यांना साखर पुरवतं, ते रोपाला हवेतला नत्र देतात. फुकटात कुणी कुणाला पोसत नाही. काचनळीत मात्र सगळं आयतं मिळतं, आणि आयतं खाणारा काम विसरतो, मग तो जिवाणू असो की घरजावई. म्हणून ताईंचा नियम होता: दर हंगामात जिवाणूंना कुंडीतल्या रोपाच्या मुळात धाडायचं, गाठ कापून बघायची, आतून लाल, म्हणजे कामाची, निघाली तरच त्यातले जिवाणू पुढच्या नळीत घ्यायचे.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी जिवाणूंची खोली धाकट्या बहिणीवर सोपवली. तिला नोकरीला लावलं ताईंनी, हाताला धरून शिकवलंही ताईंनीच. घरी पडल्या पडल्या त्या फोनवर एकच विचारायच्या, "गाठी लाल आहेत ना गं?"

"लालचुटूक. तू पाय सांभाळ बाई."

परतल्यावर ताईंनी हौसेनं रोपं लावली. गाठी भरपूर धरल्या. एक कापली तर आतून पांढरीफटक. दुसरी कापली, तिसरी कापली, तीच गत.

"कुंडीत लावलेच नाहीस?"

"नळीतून नळीत घेतले. फोफावत होते की चांगले. एवढा खटाटोप कोण करत बसणार?"

"आणि जुन्या नळ्या?"

"फ्रिजमध्ये जागा नव्हती. उकळून धुऊन टाकल्या."

अर्धं आयुष्य घालून जपलेला वाण गेला होता. पण त्याहून जास्त ते 'लालचुटूक' जाळत होतं. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळ्या झाल्या असत्या. हिला तर त्यांनीच वेणी घालून शाळेत धाडलेलं.

खत लागू पडत नाही, अशा तक्रारी येतच होत्या. साहेब खोलीत आले. "कुंड्यांचं काम कुणी गाळलं?"

बहिणीला कसं वाचवावं, याचीच जुळवाजुळव ताई मनात करत होत्या. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताईनंच फोनवर सांगितलं होतं, यंदा नको म्हणून."

साहेबांनी ताईंच्या गप्प राहण्याचा हवा तो अर्थ लावला आणि खोलीची चावी मागितली. ताईंनी दिली. साहेबांनी ती धाकटीपुढे धरली, "आता तुम्ही बघा."

धाकटीनं ताईंकडे न बघता चावी घेतली.