दस्तगीर आणि चालती मढी

दस्तगीर गेल्याचा फोन त्याच्या मुलानं, फिरोजनं केला, आणि खरं सांगतो, मला ते खोटंच वाटलं. कारण हा माणूस माझ्या सोफ्यावर कितीदा तरी मेला होता. चहा घेऊन बाहेर यावं तर डोळे पांढरे, जीभ बाहेर, आणि जवळ गेलं की गुरगुरत मनगटाला चावायला उठायचा! म्हणून मी फोनवर म्हणालो, "फिरोज, त्याला म्हणावं आता बास कर." पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं... दुपारी तासगावच्या कब्रस्तानात माती देऊन आलो, तरी मन मानत नव्हतं.

एसटीत कंडक्टर म्हणून जन्म घालवलेला माणूस संशयी होतोच. कुणी खिशात हात घातला तरी वाटतं, हा तिकिटाला पैसे काढतोय की झोपेचं सोंग घ्यायच्या तयारीत आहे? त्यात माझी बायको गेली आणि घरी कीव करणाऱ्यांची रीघ लागली. कुणी डबा आणी, कुणी 'मन रमवा' म्हणे. मला कीव सोसत नाही, पहिल्यापासून. दस्तगीरचं गाद्या भरायचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. तो आला तो डबाही न घेता आणि सांत्वनाचा एक शब्दही न बोलता. एका रविवारी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाला, "अण्णा, झॉम्बीचा पिच्चर हाय, मेलेली मढी उठून चालत्यात. लय हसवतो." घरातलं सुतक नुकतं फिटलेलं, आणि हा मढी घेऊन दारात! माझं डोकंच फिरलं. तरी बघत बसलो.

आणि हसलो हो! ती मढी माणसं खायला निघायची आणि काचेच्या दारावर जाऊन आपटायची. एकाचा हात गळून पडला, तर तो बिचारा आपलाच हात शोधत मागं फिरला. यात्रेच्या दिवशी गाडी फलाटाला लागली की माणसं दारावर अशीच तुटून पडतात, असं मी म्हणालो, तर दस्तगीर पोट धरून हसला. ज्या मरणानं माझं घर रिकामं केलं, ते इथं इतकं धांदरट होतं की त्याला तोंडावर शिव्या घालता येत होत्या. दवाखान्यात मी कुणाला शिव्या घालणार होतो? "तुमी जळून मोकळं व्हनार," दस्तगीर म्हणायचा, "उठायची पाळी आली तर आमच्यावरच!"

पण दर रविवारी? दुकान टाकून? ह्याला माझ्या पुण्याच्या लेकीनंच लावून दिलंय, असं माझ्या डोक्यात बसलं. पिच्चर सुरू झाला की मी टीव्ही सोडून त्याच्याकडं बघायचो... हा खरंच हसतोय, की मला हसवायला हसतोय? एकदा सरळ विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरनं येतोस रं?" तर म्हणाला, "गप बघा की आता." ही दोस्ती होती की दयेचा रतीब, हे मला कळायच्या आत तो झोपेतच गेला. लबाड!

गेल्या आठवड्यात मी फिरोजला दुकानात गाठलं आणि तेच विचारलं. तो कापसात हात तसेच ठेवून माझ्याकडं बघत राहिला.

"काका, तुमाला म्हाईत न्हाई? अब्बा मयताला लय भ्यायचे. दादाजान, अब्बांचे वडील, गेले तवा मयताला न्हाऊ घालायला थोरला पोरगा म्हणून ह्यांना बोलावलं, तर अंगणातनं पाय उचलंना. ते त्यांच्या मनाला कायम लागून राह्यलं. ते पिच्चर घरात कवा लावले न्हाईत. तुमच्याकडनं आले की म्हणायचे, अण्णा शेजारी असला की मढ्याचं काय वाटत न्हाई."

ती कीव नव्हती. त्यालाच माझी गरज होती. मला इतका आनंद झाला की रडू आवरेना.

काल रविवारी मी पुन्हा दुकानात गेलो. फिरोज दुकानाची एकच फळी उघडून आत एकटाच बसला होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मी त्याच्या शेजारी बसलो, मोबाइलवर एक पिच्चर लावला. त्यानं आधी मोबाइलकडं बघितलं, मग मला चांगलं निरखलं.

"काका, अम्मीनं धाडलं व्हय तुमाला? मी बरा हाय."

"कुणी न्हाई धाडलं रं," मी म्हणालो. "मला एकट्याला भ्या वाटतंय."