पाय ज्याचा, होकार त्याचा

तिला घरीदारी सगळे भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती ओ देई. उभा जन्म कापडाच्या गिरणीत माग चालवलेल्या बाईचा आवाज मंजुळ कुठून असणार? सगळे माग एकदम खडखडायला लागले की शेजारी कुणी बोंब मारली तरी ऐकू यायची नाही. तिथे माणसं डोळ्यांनी ऐकत आणि हातांनी बोलत. ओठांवर बोट आडवं फिरवून मिशी दाखवली की मुकादम येतोय. दोन बोटं जुळवून ताडकन सोडली की धागा तुटला. उरलेलं समोरच्याच्या ओठांवरून वाचायचं. या भाषेत भांडणं होत, चहाड्या होत, आणि एक-दोन लग्नंही जुळली म्हणतात.

ही भाषा तिला शिकवली तिच्या थोरल्या भावानं. दादा तिच्या आधी गिरणीत लागला, आणि त्याचे कान पार गेले. बहिरेपणाची त्याला भारी लाज. त्यामुळे समोरचा काहीही बोलला आणि ओठ नीट दिसले नाहीत, की हा आपला मान डोलावून मोकळा. "अरे, तो तुला गाढव म्हणाला, आणि तू हो म्हणतोस?" भोंगा चिडून सांगायची. त्यावरही दादा मान डोलवायचा. पालथ्या घड्यावर पाणी!

अशा दादाला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, शब्द फुटेना. त्यात साखरेचा जुना आजार. पायाची जखम चिघळून काळी पडली आणि वर चढायला लागली. भोंगा दवाखान्यात पोचली तेव्हा भाचा जिन्याशीच भेटला.

"आत्या, बरं झालं आलीस. उद्या सकाळी बाबांचा पाय मांडीपासून काढणार आहेत. मी सही करून टाकली."

"दादा काय म्हणाला?"

"बाबांना काही कळत नाही गं आता. डॉक्टरांनी विचारून पाहिलं. तुम्ही शाळेत आहात का? हो. बाहेर बर्फ पडतोय का? हो. सगळ्याला नुसती मान डोलावतात."

भोंगा जिन्यातच थांबली. हसावं की रडावं तिला कळेना.

"कान लावलाय का त्याला? त्याचं ते यंत्र?"

"घरी राहिलं. ते तरी कुठे घालतात!"

"आणि विचारणाऱ्यांच्या तोंडाला मास्क असेल."

"असणारच ना. दवाखाना आहे."

वॉर्डात दादाचा डावा, चांगला हात कॉटच्या दांडीला पट्टीनं बांधून ठेवलेला. सारखे हातवारे करतात, नळ्या उपसतील, म्हणून बांधला, असं नर्सनं सांगितलं. ती काही वाईट बाई नव्हती. पट्टीखाली मऊ कापूसही घातला होता. पण भोंग्याच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाकडे बोलायला एवढा एक हात उरलाय, त्याचं तोंड बांधल्यासारखंच की हे!

"सोडा हात," ती म्हणाली. शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकून उठून बसला.

"आत्या, तमाशा नको," भाचा कुजबुजला. "पाय काढलाच पाहिजे. तुलाही तेच वाटतंय ना?"

"मला वाटतंयच. तो जगावा असं मला तुझ्यापेक्षा जास्त वाटतं. पण पाय तुझा आहे का? माझा आहे का?"

"अशा वेळी घरच्यांनीच ठरवायचं असतं."

हे वाक्य भोंग्यानं आधी एकदा ऐकलं होतं. तिशीत असताना पोटातली गाठ काढायला म्हणून ती टेबलावर गेली, आणि गाठीबरोबर गर्भाशयही काढून झालं. नवऱ्यानं सही केली होती. सासूला ठाऊक होतं, जावेला ठाऊक होतं. फक्त जिच्या पोटातून काढलं तिला ठाऊक नव्हतं. "तुझ्या भल्यासाठीच केलं," सगळे म्हणाले. भलं झालंही असेल. पण तिला विचारलं कुणी? "तिला विचारलं होतं का?" हे भेटायला आलेल्या दादानं तेवढं विचारलं होतं, तेही खोलीत सगळ्यांसमोर. त्या दिवसापासून परस्पर ठरवणाऱ्यांशी तिचं उभं वैर होतं.

तिनं स्वतःच पट्टी सोडली. नर्स डॉक्टरबाईंना बोलवायला धावली. त्या आल्या, थकलेल्या, घाईत.

"आजी, पेशंटला समज नाही. म्हणून मुलाची परवानगी घेतली आहे."

"समज आहे. कान नाहीत. तुमचं तोंड झाकलेलं, तो वाचणार काय, कपाळ? मास्क खाली घ्या, दोन हात लांब उभ्या राहा, आणि सावकाश विचारा. चुकला तर मी मुकाट्यानं घरी जाते."

मुकाट्यानं जाणं हिला जमलं असतं का, हा प्रश्न वेगळा. पण डॉक्टरबाईंनी मास्क उतरवला. शाळेत आहात का? दादानं त्यांच्याकडे, या बाईंना वेड लागलं की काय अशा नजरेनं पाहिलं आणि मान आडवी हलवली. हा कोण? दादानं मुलाकडे बोट केलं आणि मग हात खाटेच्या कडेशी लहान मुलाच्या उंचीवर धरला: माझं पोर. भाच्याचा चेहरा कसनुसा झाला.

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली. पाय काढला तर काय, काढला नाही तर काय, सगळं सावकाश सांगितलं. जिथे ओठ पुरेनात तिथे भोंग्यानं हात चालवले. शेवटी त्या म्हणाल्या, "मी काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा." दादानं पायाकडे बोट दाखवलं, बोट मांडीवरून, पोटावरून वर छातीपर्यंत नेलं, आणि डोळे मिटून मान टाकली.

डॉक्टरबाई भाच्याकडे वळल्या. "तुमची सही आता चालणार नाही. माणूस सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, त्याला समजतंय. मग होकार असो की नकार, त्याचाच. मुलगा असलात तरी तो तुम्हाला देता येत नाही." मग दादाकडे पाहून: "काय करायचं?"

दादानं मूठ वळली आणि हवेतली एक दांडी सावकाश स्वतःकडे ओढली.

बाकी कुणाला काही कळलं नाही. भाच्याला वाटलं, पाणी हवंय. भोंग्याला कळलं. गिरणीतली खूण होती ती: माग बंद कर.

ती खोटं बोलू शकली असती. काढा म्हणतोय, एवढे दोन शब्द. तिला तो हवा होता. एका पायाचा, अर्ध्या अंगाचा, कसाही हवा होता. तिनं बोट गरगर फिरवून दाखवलं: चालू ठेव. दादा, चालू ठेव रे. दादानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि पुन्हा तीच दांडी ओढली.

"नाही म्हणतो," भोंगा म्हणाली. "पाय काढू नका म्हणतो."

"आत्या!"

"त्यांना दुखू नये एवढं आम्ही बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उद्या मी पुन्हा विचारेन. मन कधीही बदलू शकतं."

"विचारा. मास्क काढून विचारा."

त्या गेल्यावर भाचा भिंतीला टेकून रडायला लागला. "तू त्यांना मारलंस आत्या. तू गप्प बसली असतीस तर ते जगले असते."

"असेल," भोंगा म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते, पण पुसायला तिनं दादाचा हात सोडला नाही. "पण त्याला न विचारता पाय कापलेला मला चालला नसता. ये, इथे समोर बस. तोंडावरून हात काढ, त्याला दिसू दे. तुला काय हवंय ते मला कशाला सांगतोस? त्याला सांग."