शेवटचा राखणदार

फैजपूरच्या स्टँडामागे एका बाईंचं मोबाइलचं दुकान आहे. सगळे त्यांना अक्का म्हणतात; नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी त्या सिमची पाठ बघतात आणि भिंगातून मोठ्यानं वाचतात, "एकोणनव्वद, फोनचं खातं. एक्क्याण्णव, आपला देश. मंग कंपनी, मंग कार्डाचा सोताचा नंबर. अन् शेवटचा आकडा राखनदार." दुकानात टेकणारे आम्ही हसायचो.

परवा भर उन्हात एक आबा धापा टाकत आले. त्यांच्या केळीतली पाण्याची मोटर घरून मोबाइलनं चालू करायच्या डब्यातलं सिम बंद पडलं होतं. ते पुन्हा चालू करायला कंपनी कार्डावरचा नंबर मागत होती, आणि त्यातला एक आकडा पार घासून गेलेला.

"दोनदा अंदाजानं सांगितला, चुकला. आता चुकला तं जयगावच्या हापिसात जा म्हनता. केयीले दोन दिवस पानी नाही, अक्का!"

अक्कांनी पुठ्ठ्यावर आकडे मांडले. एक सोडून एक दुप्पट केला, दुप्पट दोन आकडी झाली तिथे ते दोन आकडे एकमेकांत मिळवले, मग सगळ्यांची बेरीज घेतली. बेरजेच्या शेवटी शून्य आलंच पाहिजे. शेवटचा राखणदार त्याचसाठी असतो, एक आकडा चुकला तरी बेरीज बिघडते. घासलेल्या जागी एकच आकडा बसत होता. त्यांनी कंपनीला फोन लावला.

"लिही, सात."

"नक्की ना, मॅडम?" पलीकडून मुलीनं विचारलं.

"पोरी, हा अंदाज नाही."

संध्याकाळी आबांचा फोन आला. त्यांनी फोन नुसता पाइपाच्या तोंडाशी धरला. अख्ख्या दुकानानं पाणी ऐकलं.

अक्कांनी स्पीकर आणखी मोठा केला. "आइका," त्या म्हणाल्या, "पाइपातून माहा सात धो धो पडून राह्यला."